कवितेत गणिताचे उपद्व्याप: लघु, गुरू आणि हेमचंद्राची सावली

अर्धमात्रा

पावसाने घरात डांबून ठेवलंय, म्हणून हा धागा. कविता विभागात टाकावा की गणित विभागात, ठरेना. इथेच टाकते, संपादकांनी हवा तिकडे ढकलावा.

२००६ मध्ये ग्रेगरी पिंकस नावाच्या अमेरिकन लेखकाने आपल्या ब्लॉगवर 'फिब' नावाचा कविताप्रकार मांडला. ओळीत सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, किती, तर १, १, २, ३, ५, ८. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज, ही फिबोनाची श्रेणी, म्हणून फिब. लोकांना तो भलताच आवडला आणि ढिगाने फिब पडले.

मला गंमत वाटली ती वेगळीच. हे आकडे कवितेत नव्याने आलेले नाहीत, ते निघालेच मुळी कवितेतून. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. आपल्याकडे छंदशास्त्रकार विरहांक त्याच्या काही शतकं आधीचा, आणि हेमचंद्राचार्यांनी ११५० च्या सुमारास हाच हिशेब मांडला. त्यांच्यापुढे फिबोनाचीच्या कोड्यातले ससे नव्हते, प्रश्न छंदाचा होता: लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर अमुक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरेल?

चार मात्रा घ्या. पाच तऱ्हा होतात, आणि पाचही आपल्या रोजच्या शब्दांत सापडतात: पाणी (गुरू गुरू), नवरा (लघु लघु गुरू), पहाट (लघु गुरू लघु), आवड (गुरू लघु लघु), अडगळ (चारही लघु). पाच मात्रांना आठ, सहाला तेरा. कारण सोपं आहे. ओळीचा शेवट लघुने झाला तर आधी एक मात्रा कमी उरते, गुरूने झाला तर दोन कमी. म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज म्हणजे पुढचं उत्तर. सोळा मात्रांच्या ओळीला, मधले गट न पाळता, १,५९७ तऱ्हा.

तर मी हेमचंद्राचा क्रम धरून, ओळीत १, २, ३, ५, ८, १३ अक्षरं घेऊन ही केली:

मी
तुझी
सावली
उन्हापुरती
ढग आले की परकी
पण संध्याकाळी तुझ्याहूनही लांब

ओळीही सावलीसारख्या लांबत जातात, तेवढीच चलाखी. आता तुमच्या येऊ द्या. फिबच पाहिजे असं नाही, गणिताचा कुठलाही खेळ चालेल.

दुपारझोप

नवरा आणि अडगळ एकाच ओळीत, दोघेही चार मात्रांचे. हे हेमचंद्रांनी सांगितलंय की घरचं निरीक्षण?

अर्धमात्रा

दोन्हीकडून पडताळा आला आहे.

ओसरीवरचा

धागा वाचून वाईट वाटलं, स्पष्टच लिहितो. कविता आतून येते. बोटं मोजत बसलं की येतं ते शब्दकोडं. वृत्तांच्या जाचातून कविता मोकळी व्हायला केवढा काळ गेला, आणि आता आपण हौसेने पुन्हा बेड्या घालून घ्यायच्या, त्याही आकड्यांच्या?

सावलीची कविता बरी आहे. पण ती बरी आहे ती सावलीमुळे, तेरा अक्षरांमुळे नाही.

काकडआरती

ओसरीवरचा, तुम्ही हरिपाठ म्हणता का? 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणें मुक्ती चारी साधियेल्या.' मोजा. देवाचिये द्वारी सहा, उभा क्षणभरी सहा, तेणें मुक्ती चारी सहा, साधियेल्या चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक: भरी, चारी. अख्खा हरिपाठ या ६-६-६-४ वर उभा आहे. ज्ञानोबांना कुणी बेड्या घातल्या म्हणायचं?

आमच्या दिंडीत हे कुणी मोजत नाही, हेही खरं. टाळावर बसलं की बसलं. एखाद्या नव्या माणसाने स्वतःचा अभंग म्हणून काही आणलं आणि तिसऱ्या तुकड्यात सात अक्षरं आली, की टाळ धरलेला माणूस न बोलता मान वर करून बघतो. तेवढंच.

वजाबाकी

+१. अभंगात अक्षरंच मोजायची, लघुगुरू कसेही चालतात. म्हणजे २२ अक्षरांना दोनाचा बाविसावा घात, ४१,९४,३०४ तऱ्हा. एवढ्या मोठ्या अंगणाला बेडी कोण म्हणेल?

बाराखडी काका

अर्धमात्राताई, तुमच्या कवितेत एक गोष्ट तुमच्याही नकळत घडली आहे, ती दाखवतो.

हेमचंद्रांचे आकडे मात्रांचे, तुम्ही मोजलीत अक्षरं. म्हणून सहज तुमच्या ओळींच्या मात्रा मोजल्या. 'मी' दोन. 'तुझी' तीन. 'सावली' पाच. इथे मी चष्मा पुसला. अक्षरं १, २, ३ आणि मात्रा २, ३, ५. म्हणजे मात्रा त्याच श्रेणीत, एक घर पुढे. पुढे ८, १३, २१ यायला हव्यात.

'उन्हापुरती': उ एक ('न्हा'चा आघात मराठीत मागच्या उ वर येत नाही, तो लघुच), न्हा दोन, पु एक, र एक, ती दोन. सात. एकाने हुकली. 'ढग आले की परकी' बारा. तीही एकाने हुकली. आणि शेवटची? 'पण' दोन, 'संध्याकाळी' आठ, 'तुझ्याहूनही' आठ (तुझ्या मधला तु लघु), 'लांब' तीन. एकवीस! शेवटच्या ब ला चरणाखेरचा म्हणून गुरू करायचा नाही, लिहिलाय तसा मोजायचा, एवढीच अट.

मग मधल्या दोन ओळींना थोडा हात लावू का? रागावू नका.

मी
तुझी
सावली
आतापुरती
ऊन गेले की परकी
पण संध्याकाळी तुझ्याहूनही लांब

आता अक्षरं १, २, ३, ५, ८, १३. मात्रा २, ३, ५, ८, १३, २१. आणि प्रत्येक ओळीतले नुसते गुरू मोजलेत तर १, १, २, ३, ५, ८, नुसते लघु मोजलेत तर ०, १, १, २, ३, ५. एका कवितेत तीच श्रेणी चार वेळा, दर वेळी वेगळ्या घरापासून.

अर्धमात्रा

काका!!! मी आत्ता कागदावर सगळ्या ओळी लघुगुरू लावून बघितल्या. खरंच येतंय!

'आतापुरती' तर अर्थानेही वरचढ आहे. 'उन्हापुरती' म्हटल्यावर पुढच्या ओळीतलं ढगाचं आधीच कळत होतं.

वजाबाकी

थोडं कोरडं स्पष्टीकरण, ज्यांना हवं त्यांना. प्रत्येक अक्षर किमान एक मात्रा देतं आणि गुरू एक जादा देतो. म्हणून मात्रा वजा अक्षरं म्हणजे गुरूंची संख्या. १३ अक्षरं आणि २१ मात्रा जमल्या की गुरू आठच येणार, लघु पाचच उरणार. काकांच्या चार श्रेण्यांपैकी दोन जमवाव्या लागतात, उरलेल्या दोन फुकट.

पुढची ओळ २१ अक्षरांची, ३४ मात्रांची. कुणीतरी घ्या.

ओसरीवरचा

मी अजून पटलेलो नाही. पण 'ऊन गेले की परकी' मध्ये काहीतरी लागलं, हे कबूल करतो. आणि ते मोजल्यामुळे सापडलं, म्हणजे माझीच पंचाईत.

सुपारीफोड

शाळेत मराठीच्या बाईंनी 'यमाताराजभानसलगम्' घोकून घेतलं होतं. मार्क मिळाले, विषय संपला. पुढे संगणकाच्या वर्गात 'द ब्रॉइन क्रम' नावाची गोष्ट शिकवली, आणि अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला की ही तर आपली यमाताराज!

बघा. तीन अक्षरांचे गण, म्हणजे लघुगुरूंच्या मांडण्या, आठ. त्या सूत्रात कुठूनही सलग तीन अक्षरं उचला, एक गण मिळतो: यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, ताराज म्हणजे त, असं करत सलगम् म्हणजे स. आठही गण, एकेकदाच. आणि शेवटची दोन, ल आणि ग, म्हणजे लघु-गुरू, सुरुवातीच्या 'यमा'सारखीच. म्हणून ती दोन काढून टाकली आणि टोकं जोडली की आठ मण्यांची गोल माळ होते. कुठल्याही मण्यापासून तीन मोजा, दर वेळी वेगळा गण.

माझा प्रश्न: आठ अक्षरांची अशी गोल मराठी ओळ होईल का? ल गु गु गु ल गु ल ल, आणि शेवटाहून पुन्हा सुरुवातीला जाताना अर्थ तुटता कामा नये.

दुपारझोप

झोपमोड करून घेतली.

मला वाटे नको जर

म ला वा टे न को ज र. ल गु गु गु ल गु ल ल. आता गोल फिरवा: मला वाटे नको, जर मला वाटे नको, जर मला वाटे नको, जर...

रविवारी भाजी आणायला जायच्या आधीचा माझा अंतर्गत संवाद.

सुपारीफोड

अहो!! मलावा य, लावाटे म, वाटेन त, टेनको र, नकोज ज, कोजर भ, जरम न, रमला स. आठही आले. हे भांड्यावर नाव कोरतात तसं ताटाच्या काठावर गोल कोरून घ्यायला पाहिजे.

ओसरीवरचा

याला कविता म्हणणार?

काकडआरती

निर्णय न घेणाऱ्या माणसाबद्दल कधीच न संपणारी ओळ आहे. मला तरी चालेल.

वजाबाकी

वृत्तांना प्रस्तारात नंबर असतात, हे इथे किती जणांना माहीत आहे? जुना छंदशास्त्रकार पिंगल, त्याच्यापासून चालत आलेली प्रस्ताराची कल्पना अशी, की ठरावीक अक्षरांच्या सगळ्या शक्य तऱ्हा एका ठरलेल्या क्रमाने लिहायच्या. पहिली सगळी गुरू, शेवटची सगळी लघु. मग दोन खेळ. नंबरावरून वृत्त काढायचं ते 'नष्ट', वृत्तावरून नंबर काढायचा ते 'उद्दिष्ट'.

उद्दिष्टाची रीत: अक्षरांच्या डोक्यावर १, २, ४, ८, १६ असे दुप्पट आकडे लिहा. फक्त लघूंच्या डोक्यावरचे मिळवा. त्यात एक मिळवा. झालं.

भुजंगप्रयात म्हणजे चार य गण, बारा अक्षरं. लघु १ल्या, ४थ्या, ७व्या, १०व्या जागी. तिथले आकडे १, ८, ६४, ५१२. बेरीज ५८५, अधिक एक ५८६. बारा अक्षरांच्या ४,०९६ तऱ्हांमध्ये समर्थांचे मनाचे श्लोक ५८६ नंबरच्या घरात राहतात.

इंद्रवज्रा काढा: ३५७. उपेंद्रवज्रा: ३५८. शेजारी! दोघींत फरक फक्त पहिल्या अक्षराचा, तिथे गुरू की लघु एवढाच. म्हणूनच त्या एकाच श्लोकात मिसळल्या तरी कानाला खटकत नाहीत, आणि त्या मिश्रणाला उपजाती म्हणतात. चार चरण, प्रत्येकात दोन पर्याय, सोळा. त्यांतून दोन निर्भेळ वजा केले की चौदा. छंदाच्या पुस्तकांत उपजातीचे प्रकार चौदाच दिलेले असतात.

बाराखडी काका

तुझ्या ५८६ ला माझा भुजंगप्रयात:

तुझा अंक आहे कुणाला कळेना
बसूनी हिशेबास काही जुळेना

नलू न्यूजर्सी

इकडे रात्रीचे दोन वाजलेत आणि मी ऊन गेले की परकी, ऊन गेले की परकी म्हणत बसलेय. सकाळी ऑफिस आहे, धन्यवाद.

आमच्या वाचनकट्ट्यावर मध्ये सेस्टिना झाली. बाराव्या शतकातला दक्षिण फ्रान्समधला कवी आर्नो दानिएल, त्याच्या नावावर हा प्रकार आहे. यमक नाही. सहा ओळींच्या शेवटी सहा शब्द, आणि पुढच्या प्रत्येक कडव्यात तेच सहा शब्द फिरवून. फिरवायची रीत: शेवटचा आधी, मग पहिला, मग शेवटून दुसरा, मग दुसरा. १२३४५६ चं होतं ६१५२४३. सहा कडवी झाली की सातव्याला मूळ क्रम परत येतो, आणि मधल्या सहा कडव्यांत प्रत्येक शब्द प्रत्येक जागी एकदा बसून येतो.

हे कुठल्याही आकड्याला जमेल असं वाटतं, पण नाही. चार शब्द घेतले तर ४१३२ होतं, आणि तिसरा तिसऱ्याच जागी ठाण मांडतो. सात घेतले तर पाचवा हलत नाही. तीन, पाच, सहा, नऊ चालतात. चार, सात, आठ, दहा नाही. फ्रान्समध्ये रेमों केनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी १९६० मध्ये 'उलिपो' हा गट काढला, त्यांनी असल्या प्रश्नांचा पुरता छडा लावला. त्याच केनोने १९६१ मध्ये दहा सुनीतं (चौदा ओळींच्या कविता) अशी छापली की प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी कापलेली. कुठल्याही सुनीताची पहिली ओळ, कुठल्याही सुनीताची दुसरी, असं चौदापर्यंत. एकावर चौदा शून्यं इतकी सुनीतं झाली, म्हणजे कोटी गुणिले कोटी. सगळी वाचायला कुणी जन्मलेलं नाही.

सहाची मराठीत माझ्याच्याने होईना, म्हणून तीनची. १२३, ३१२, २३१:

कुलूप लावलं, मागे राहिलं घर,
पायांखाली आली वाट,
अंगावर आला पाऊस.

थांबता थांबत नाही पाऊस,
मागे वळून बघतं घर,
पुढे वळून बघते वाट.

कुणी कुणाची बघावी वाट,
विचारत राहतो पाऊस
आणि उत्तर देत नाही घर.

ओसरीवरचा

नलूताई, ही कविता आहे. पूर्णविराम.

तिसऱ्या कडव्यात 'वाट'चा अर्थ बदलतो, तो तुम्ही आधीपासून ठरवला होतात का?

नलू न्यूजर्सी

अजिबात नाही. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ 'वाट' वरच संपवायची होती, रस्त्याबद्दलचं सगळं सांगून झालं होतं, आणि शब्द तर टाळता येत नव्हता. मग तो दुसऱ्या अर्थाने आला. ते मोकळं लिहीत असते तर मी तिथे 'रस्ता' लिहून पुढे गेले असते.

सुपारीफोड

भास्कराचार्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही? चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा, १२०७ चा शिलालेख आहे. त्यांचा गणिताचा ग्रंथ लीलावती ११५० चा. आपण इथे कवितेत गणित घालतोय, त्यांनी गणितच कवितेत घातलं.

भुंग्यांचं उदाहरण माझं आवडतं. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीवर गेले, सगळ्यांचे आठ नवमांशही गेले, आणि एक भुंगी राहिली. तिचा भुंगा वासाच्या लोभाने रात्री कमळात अडकलाय, आतून गुणगुणतोय, बाहेरून ती उत्तर देतेय. सांग, थवा किती? वृत्त मालिनी, पंधरा अक्षरं. पहिली सहा लघु सलग येतात, 'अलिकुलदल', ती म्हटली की थवा उठल्यासारखं वाटतं. मग 'मूलं मालतीं' पाशी सगळे बसतात.

उत्तर ७२: सहा, चौसष्ट, आणि ते दोघं. गणित सोडवताना सत्तर भुंग्यांचं काही वाटत नाही, जीव त्या दोघांपाशी अडकतो.

त्याच लीलावतीत गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाच्या किती तऱ्हा, एक गुरूच्या किती, दोनच्या किती, असंही विचारलंय. १, ६, १५, २०, १५, ६, १. एकूण ६४. दहाव्या शतकात पिंगलाचा टीकाकार हलायुध याने याच आकड्यांचा मेरू, म्हणजे त्रिकोणी डोंगर, रचून दाखवला होता.

अर्धमात्रा

धागा असा धावेल असं वाटलं नव्हतं. माझ्याकडून एक नवीन. पायचे (π) अंक, ३.१४१५९, आणि शब्दांत तितकी अक्षरं:

चांदणे मी पांघरले
ना विरघळले
उजाडल्यानंतरसुद्धा

३, १, ४, १, ५, ९. पुढे २, ६, ५, ३, ५. कोण घेतं?

काकडआरती

आता विचारल्यावर सांगायचेही कितीदा कुणाकुणाला

अर्धमात्रा

काय सुरेख बसलं! म्हणजे चांदणं अंगावर तसंच आहे आणि लोक विचारतायत. पुढचे ८, ९, ७, ९. हे महाकठीण आहे, थांबलं तरी चालेल.

दुपारझोप

थांबतो कशाला.

दिवसाढवळ्यासुद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उलटतपासण्या चांदण्यासंदर्भातल्याच

ओसरीवरचा

पहिल्या ओळी कवितेच्या, शेवटची तहसील कचेरीतली. आठ-नऊ अक्षरांचे शब्द लागले की मराठी आपोआप सरकारी होते, हे मात्र या धाग्यातून शिकलो.

वजाबाकी

इशारा देऊन ठेवतो. दशांशचिन्हानंतर बत्तिसाव्या जागी पायमध्ये पहिलं शून्य येतं. शून्य अक्षरांचा शब्द आत्ताच शोधून ठेवा.

बाराखडी काका

तिथे मोकळी जागा सोडू आणि खाली लिहू, 'इथे कवी पाणी प्यायला उठला.'

पण त्याआधी माझी २१ अक्षरांची, ३४ मात्रांची सावलीची सातवी ओळ राहिली आहे. सावली तुझ्याहून लांब झाल्यावर पुढे अंधारच पडतो, आणि एकवीस अक्षरं अंधार मला काही जमेना. ओसरीवरचा, तुम्ही घेता का?

ओसरीवरचा

तेरा गुरू आणि आठ लघु ना? बघतो. कबूल केलेलं नाही, नुसतं बघतो म्हणालोय.